मर्यादित पैशांत मोठ्या पडद्याचा स्मार्ट टीव्ही कसा निवडावा

दसरा-दिवाळी जवळ आली की नात्यागोत्यातून एकच प्रश्न विचारला जातो: कुठल्या कंपनीचा टीव्ही घेऊ? खरे तर हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. तो आधी विचारला की माणूस थेट दुकानात जातो, दिव्यांच्या झगमगाटात एका रांगेत लावलेले वीस पडदे पाहतो आणि त्यांतला सर्वांत भडक दिसणारा उचलून आणतो. पुढची आठ-दहा वर्षे तो पडदा घरात राहणार असल्यामुळे निवडीची सुरुवात घरातल्या भिंतीपासून करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक घर डोळ्यांसमोर ठेवू. सदनिका दोन बेडरूमची आहे, हॉल दहा बाय चौदा फुटांचा आहे, समोर तीन आसनी सोफा आणि बाजूच्या भिंतीला दिवाण आहे, माणसे पाच आहेत आणि सगळे धरून खर्चाची मर्यादा ४५ हजार रुपये आहे. संध्याकाळी सातनंतर मराठी मालिका, शनिवार-रविवारी क्रिकेट आणि रात्री एखादा चित्रपट किंवा वेबमालिका, असा या घरातला टीव्हीचा दिनक्रम आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांचे चित्र थोड्याफार फरकाने असेच असते.

या ४५ हजारांत आपण प्रत्यक्षात दोन वस्तू विकत घेत असतो. एक म्हणजे पडदा आणि दुसरी म्हणजे त्याच्या पाठीमागे बसवलेला छोटासा संगणक, ज्याच्यामुळे टीव्हीला स्मार्ट म्हणतात. संगणक चार-पाच वर्षांत जुना होतो, ॲप सावकाश उघडू लागतात, काही ॲपची अद्ययावत आवृत्ती मिळेनाशी होते. पण तेव्हा तीन ते सहा हजार रुपयांची एखादी स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरची ॲप चालवणारे पेनड्राइव्हसारखे छोटे यंत्र) मागे खोचली की तोच टीव्ही पुन्हा नव्यासारखा चालू लागतो. पडद्याचे तसे नाही. तो फिकट, ठिपक्यांचा किंवा बाजूने पांढुरका निघाला, तर त्यावर कोणताही जोड चालत नाही. म्हणून मर्यादित पैशांत पहिला हक्क पडद्याचा, दुसरा सेवा केंद्राचा, तिसरा आवाजाचा आणि उरलेल्या पैशांवर स्मार्टपणाचा, असा क्रम मी धरतो.

भिंत, अंतर आणि इंच

टीव्हीचे इंच हे पडद्याच्या तिरक्या कर्णाचे माप असते. आपल्याकडे जाहिरातीत आणि खोक्यावर ते सेंटिमीटरमध्ये द्यावे लागते, म्हणून ५५ इंची संचावर १३९ सेंमी किंवा जवळपासचा आकडा दिसतो. हा कर्ण आहे हे विसरून तो रुंदी समजण्याची चूक अनेक जण करतात. ५५ इंची पडदा प्रत्यक्षात सुमारे १२२ सेंमी रुंद आणि ६९ सेंमी उंच असतो. ६५ इंची पडदा सुमारे १४४ सेंमी रुंद आणि ८१ सेंमी उंच. इंचांत फरक दहाचाच दिसतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते.

किती अंतरावर किती मोठा पडदा असावा, याचा सोपा हिशेब असा: कर्णाच्या १.२ पट ते १.६ पट अंतरावर बसले की चित्र डोळ्यांत भरते आणि मानही हलवावी लागत नाही. त्या हिशेबाने ४३ इंचांना साधारण सव्वाचार ते पावणेसहा फूट, ५५ इंचांना साडेपाच ते सव्वासात फूट आणि ६५ इंचांना साडेसहा ते पावणेनऊ फूट अंतर येते. हे अंतर भिंत ते भिंत मोजायचे नाही. आपल्या हॉलची रुंदी दहा फूट असली, तरी सोफ्याची पाठ भिंतीपासून थोडी पुढे असते, बसलेल्या माणसाचे डोळे त्याहून पुढे असतात आणि टीव्हीही भिंतीपासून काही इंच बाहेर येतो. त्यामुळे डोळे ते पडदा असे खरे अंतर साडेसात-आठ फूटच भरते. म्हणजे या हॉलमध्ये ५५ इंची संच थोडा लहान वाटला तरी चालतो, ६५ इंची नेमका बसतो आणि ७५ इंचांचा मोह टाळावा हे बरे.

आकडे पटत नसतील तर जुन्या वर्तमानपत्रांची पाने चिकटपट्टीने जोडून १२२ बाय ६९ सेंमीचा कागद तयार करावा आणि तो भिंतीवर दोन दिवस लावून ठेवावा. हा प्रयोग बालिश वाटतो, पण त्यातून ज्या गोष्टी कळतात त्या दुकानात कधीच कळत नाहीत: दाराची झडप कागदावर आपटते का, शोकेसचा दिवा मध्ये येतो का, दुपारी बाल्कनीतले ऊन नेमके कुठे पडते, आणि घरातल्या ज्येष्ठांना मान वर करावी लागते का. शेवटचा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित आहे. आपल्याकडे टीव्ही फार उंच टांगण्याची खोड आहे, जणू ती देवाची तसबीर आहे. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमीवर असतात. पडद्याचा मध्य त्याच पातळीवर किंवा किंचित वर असावा. ५५ इंची संचाची खालची कड त्यामुळे जमिनीपासून ७० ते ८० सेंमीवर येते. ज्या घरात जमिनीवर बसून जेवता जेवता टीव्ही पाहतात, तिथे ती आणखी थोडी खाली घेतली तरी हरकत नाही.

टीव्हीत नेमके काय शिरणार आहे

मोठ्या पडद्यावर येणारे चित्र कुठून येते, याचा विचार खरेदीआधी करायलाच हवा. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके (पिक्सेल) असतात. साध्या एसडी, म्हणजे जुन्या दर्जाच्या वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे जेमतेम ४ लाख १५ हजार ठिपक्यांचे असते. मिळालेल्या एका ठिपक्यापासून टीव्हीला वीस ठिपके स्वतःच्या कल्पनेने रंगवावे लागतात. त्यामुळे जुन्या ३२ इंची संचावर ठीक दिसणारी मालिका नव्या ५५ इंचांवर धुरकट दिसते आणि टीव्ही बिघडका निघाला, अशी तक्रार घरात सुरू होते. बिघाड टीव्हीत नसतो. ज्या घरात मुख्यतः एसडी वाहिन्याच पाहिल्या जातात आणि वाहिन्यांचा पॅक बदलायची तयारी नाही, त्यांनी ४३ किंवा ५० इंचांवर थांबणे अधिक समाधानाचे ठरेल. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या उपलब्ध आहेत. मोठा टीव्ही घेताना सेट-टॉप बॉक्स एचडी करून घेण्याचा खर्च हिशेबात धरावा.

इथे स्वतःचीच एक फजिती सांगतो. आमच्या घरी मोठा टीव्ही आला, एचडी बॉक्स आला, एचडी पॅकचे पैसे दरमहा जाऊ लागले, आणि तरीही चित्र जुन्यासारखेच दिसत होते. जवळजवळ दीड वर्षाने साफसफाईसाठी टीव्ही पुढे ओढला, तेव्हा दिसले की बसवणाऱ्या माणसाने बॉक्स आणि टीव्ही पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांच्या जुन्या वायरीने जोडला होता. त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. दोनशे रुपयांची एचडीएमआय केबल लावली आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ५७६ च्या जागी १०८० हा एचडीचा आकडा निवडला, तेव्हा खेळपट्टीवरचे गवत पहिल्यांदा वेगवेगळे दिसले. नवा टीव्ही घेण्याआधी जुन्याच टीव्हीवर ही तपासणी करून पाहावी. कधी कधी खरेदीची गरजच निम्मी होते.

इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राचा हिशेब वेगळा आहे. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी सुमारे १५ एमबीपीएस आणि १०८० साठी ५ एमबीपीएस स्थिर वेग सुचवते, आणि ४के चित्र फक्त तिच्या सर्वांत महाग प्रीमियम योजनेत मिळते. ४के पाहताना तासाला सुमारे ७ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. राउटर आतल्या खोलीत आणि टीव्ही हॉलमध्ये असेल, तर टीव्हीवर ५ गिगाहर्ट्झचा वायफाय नीट पोहोचतो का हे पाहावे. नाही तर सरळ लॅन केबल ओढून घ्यावी.

म्हणजे ४के घेऊच नये का? तसे नाही. ५० इंचांच्या वर आज बाजारात बहुतेक सगळे संच ४केच असतात, त्यामुळे तो प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे तो ८के किंवा तत्सम आकड्यांसाठी जादा पैसे मोजण्याचा, आणि त्याचे उत्तर मर्यादित बजेटमध्ये नकारार्थीच आहे.

पडद्याची पारख

एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी ही नावे वेगळी असली, तरी तिन्ही मुळात एलसीडी पडदेच आहेत. मागून दिव्यांचा प्रकाश टाकायचा आणि पुढच्या द्रवस्फटिकांच्या थराने तो अडवायचा किंवा सोडायचा, हे तत्त्व तिन्हींत सारखे. क्यूएलईडीमध्ये त्या प्रकाशात क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, त्याने रंग अधिक शुद्ध दिसतात. काळा रंग मात्र त्यामुळे अधिक काळा होत नाही. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून त्याचा काळा रंग खरा काळा असतो, पण तो आपल्या ४५ हजारांच्या कक्षेबाहेर आहे.

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या संचांत खरा फरक पडतो तो पॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष चित्र दाखवणारा पडदा, व्हीए जातीचे आहे की आयपीएस जातीचे, यावर. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि काळ्या भागातला फरक, साधारण ३०००:१ किंवा त्याहून अधिक असतो, त्यामुळे दिवे मालवून पाहिलेला चित्रपट त्यावर खोल आणि गडद दिसतो. पण बाजूला सरकले की रंग फिके पडतात. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट १०००:१ च्या आसपास असतो, अंधारात त्याचा काळा रंग राखाडी वाटतो, पण बाजूने पाहिले तरी चेहरे बऱ्यापैकी तसेच राहतात. एकटा माणूस किंवा नवरा-बायको समोरासमोर बसून रात्री चित्रपट पाहत असतील, तर मी डोळे मिटून व्हीए सुचवेन. आपल्या उदाहरणातल्या घरात मात्र आजोबा दिवाणावर आडवे, आई स्वयंपाकघराच्या दारातून मान काढून पाहणार, आणि हॉलमधला दिवा कायम लागलेला. तिथे आयपीएसचा राखाडी काळा रंग कोणाच्या लक्षातही येणार नाही. कंपन्या पॅनेलची जात खोक्यावर क्वचितच छापतात, आणि एकाच मॉडेलच्या दोन आकारांत वेगवेगळ्या जाती असू शकतात. म्हणून दुकानात चालू संचासमोरून हळूहळू बाजूला चालत जावे आणि निवेदकाच्या चेहऱ्याचा रंग कोणत्या कोनात उडतो ते पाहावे. पाच पावलांत उत्तर मिळते.

एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद भाग अधिक बारकाव्याने दाखवणारे चित्र; एचडीआर, डॉल्बी व्हिजन, एचडीआर१० प्लस ही बिल्ले लावलेली नावे या किमतीत बहुतेक वेळा नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा अशा जातीची असतात. त्या प्रकारचे चित्र टीव्हीला ओळखता येते एवढाच त्यांचा अर्थ. एचडीआरचा खरा परिणाम दिसायला पडद्याचा उजेड ६०० निट्सच्या (निट हे उजेडाचे माप) पुढे आणि मागचे दिवे भागाभागाने मंद करण्याची सोय, म्हणजे लोकल डिमिंग, असावे लागते. कमी किमतीचे बरेच संच २५० ते ३५० निट्सच्या दरम्यान असतात. हॉलला मोठी खिडकी असेल आणि दुपारचे सामने पाहायचे असतील, तर एचडीआरचे बिल्ले मोजण्यापेक्षा निट्सचा आकडा विचारावा.

हर्ट्झच्या, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्या आकड्याच्या बाबतीतही शब्दांचा खेळ चालतो. मोशन रेट २४० असे काहीतरी लिहिलेले असते, पण पॅनेल ६० हर्ट्झचेच असते. काही स्वस्त संच १२० हर्ट्झ दाखवतात तेही उभ्या दिशेचे रेझोल्यूशन अर्धे करून. घरात गेमिंग कन्सोल नसेल, तर खरे ६० हर्ट्झ पुरेसे आहे. वाचलेले पैसे उजेडासाठी किंवा आवाजासाठी वापरावेत.

दुकानात जाताना खिशात एक पेनड्राइव्ह असावा. त्यात तीन गोष्टी ठेवाव्यात: फिकट करड्या रंगाचे एक कोरे चित्र, रात्रीच्या प्रसंगाची एखादी चित्रफीत आणि मोबाइलवर काढलेला घरातल्या माणसांचा एक फोटो. आधी विक्रेत्याला नम्रपणे सांगून चित्राची पद्धत व्हिविडवरून सिनेमा किंवा स्टॅण्डर्डवर आणून घ्यावी, कारण दुकानात सगळे संच मुद्दाम निळसर आणि भडक करून ठेवलेले असतात. मग करडे चित्र लावावे. चांगल्या पडद्यावर तो रंग सपाट, एकसारखा दिसतो. वाईट पडद्यावर मळके डाग, उभे पट्टे किंवा कोपऱ्यांत सावली दिसते. हे डाग मालिकेत जाणवत नाहीत, पण क्रिकेटमध्ये चेंडू सीमारेषेकडे जाताना कॅमेरा हिरव्या मैदानावरून फिरतो, तेव्हा ते पट्टे कुंपणासारखे एका जागी उभे राहतात आणि एकदा दिसले की कायम दिसत राहतात. घरच्यांचा फोटो अशासाठी की आईच्या चेहऱ्याचा खरा रंग आपल्याला पाठ असतो. दुकानातल्या नमुना चित्रफितीतल्या परदेशी फुलपाखरांचा नसतो.

ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांनीही हा फेरफटका एकदा मारावा. पाहावे दुकानात आणि घ्यावे ऑनलाइन, हे काहींना अवघड वाटते. मला वाटते की दुकानदाराला ऑनलाइन भाव मोकळेपणाने दाखवून तो किती जवळ येतो ते विचारावे. हजार-दीड हजारांचा फरक राहिला तरी ओळखीचा दुकानदार पुढे तक्रारीच्या वेळी कामाला येतो.

स्मार्टपणा, जोडण्या आणि आवाज

स्मार्टपणाच्या बाबतीत एकच गोष्ट कसोशीने पाहावी. गुगल टीव्ही, टायझन, वेबओएस, फायर टीव्ही अशा अधिकृत प्रणालीचा संच असावा. अगदी स्वस्त संचांवर नुसते अँड्रॉइड असे लिहिलेले असते, पण त्याला गुगलचे प्रमाणपत्र नसते. मग नेटफ्लिक्ससारखी ॲप अधिकृतपणे मिळत नाहीत, किंवा वाइडवाइन या गुगलच्या नक्कलविरोधी संरक्षणाचा एल१ हा वरचा दर्जा नसल्यामुळे ४के पडद्यावर ४८० च्या दर्जाचे चित्र येते. दुकानात रिमोट हातात घेऊन स्वतः दोन-तीन ॲप उघडून पाहावीत आणि त्यात आपल्या घरात लागणारी ॲप आहेत याची खात्री करावी. मेमरी २ जीबी रॅम आणि शक्यतो १६ जीबी साठवण एवढी असावी. ८ जीबीत प्रणालीनेच निम्म्याहून अधिक जागा व्यापलेली असते.

एचडीएमआय पोर्ट तीन असावेत, कारण एक सेट-टॉप बॉक्सला, एक साउंडबारला (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरला) आणि एक पुढे येणाऱ्या स्टिकला जातो. त्यांतल्या एकावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेले असावे; साउंडबार त्याच पोर्टला लावला की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. ज्येष्ठांना दोन रिमोट सांभाळावे लागू नयेत, यासाठी ही सोय लाखमोलाची आहे. भिंतीवर टांगणार असाल तर पोर्ट बाजूला आहेत की थेट मागे, हेही पाहावे. मागे असतील तर भिंत आणि संच यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत हात घालणे जिकिरीचे होते.

पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते. आवाज खाली किंवा मागे फेकला जातो आणि मालिकांमधली पार्श्वसंगीताखालची वाक्ये ऐकू येत नाहीत. २० वॉट की ३० वॉट या आकड्याने फार फरक पडत नाही. चार-पाच हजारांचा साधा साउंडबारही संवाद बराच स्पष्ट करतो, म्हणून ते पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत.

नाव, सेवा आणि बिल

आता कंपनीचा प्रश्न. जुन्या परदेशी नावांचा दरारा अजून टिकून आहे, पण नावामागचा निर्माता बदललेला असू शकतो. भारतात कोडॅक, थॉमसन आणि ब्लॉपंक्ट या नावांचे टीव्ही परवान्यावर एकच भारतीय कंपनी बनवते, एसरच्या नावाचे टीव्ही दुसरी भारतीय कंपनी विकते, आणि तोशिबाचा टीव्ही व्यवसाय चीनच्या हायसेन्सकडे गेला आहे. यात गैर काही नाही, आणि या संचांपैकी काही पैशाच्या मानाने चांगलेही असतात. फक्त वडिलांच्या काळातल्या नावाच्या विश्वासावर जादा पैसे मोजू नयेत.

त्यापेक्षा आपल्या पिनकोडवर सेवा मिळते का हे तपासावे. पुण्या-मुंबईत बहुतेक कंपन्यांचे तंत्रज्ञ दोन-तीन दिवसांत येतात, पण तालुक्याच्या गावी किंवा कोकणातल्या वाडीवर तेच काम पंधरा दिवसांवर जाऊ शकते. गावातल्या दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे की कोणत्या कंपनीचे सुटे भाग त्याला सहज मिळतात. तो दुकानातल्या विक्रेत्यापेक्षा खरे सांगतो, कारण त्याला काहीच विकायचे नसते. वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते, काही कंपन्या पॅनेलवर दोन वर्षे देतात. पॅनेल बदलण्याचा खर्च अनेकदा नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातो, म्हणून मुदतवाढीची वॉरंटी घ्यायची असेल तर तिच्यात पॅनेल धरले आहे का, हे कागदावर वाचूनच घ्यावी. पडद्याला धक्का लागून गेलेला तडा मात्र साध्या वॉरंटीत बसत नाही.

किमतीची तुलना करताना एक बदल ध्यानात ठेवावा. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करासह ५० हजारांना असलेला संच केवळ या बदलामुळे सुमारे ४६ हजारांवर यायला हवा. त्यामुळे त्याआधीच्या किमतीशी तुलना करून कोणी मोठी सवलत सांगत असेल, तर त्यातला करकपातीचा भाग वेगळा काढून पाहावा. एमआरपीवर किती टक्के सूट आहे, या आकड्याला तर काहीच अर्थ नसतो. तोच संच गेल्या महिन्यात प्रत्यक्ष कितीला विकला जात होता, एवढेच विचारावे.

बिनव्याजी हप्त्यांतही खर्च असतो. बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी रक्कम सवलत म्हणून कमी करतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच माथी येते. शिवाय रोख किंवा कार्डावर मिळणारी सूट हप्त्यांवर मिळेलच असे नाही. दोन्ही रकमा कागदावर मांडून फरक पाहावा. जुन्या टीव्हीचा एक्स्चेंज बहुधा किरकोळ येतो. तो चालू असेल तर गावाकडच्या घरी किंवा आजोबांच्या खोलीत तो अधिक उपयोगी पडतो.

मागच्या वर्षीचे मॉडेल घ्यायला कचरू नये. नवी मॉडेल्स साधारण उन्हाळ्यात बाजारात येतात आणि जुन्या मॉडेल्सचे उरलेले संच त्यानंतर पाडव्यापेक्षाही चांगल्या भावात निघतात. विजेचा विचारही करावा: ५५ इंची एलईडी संच साधारण १०० ते १५० वॉट घेतो. १२० वॉट धरून रोज पाच तास चालवला तर महिन्याला १८ युनिट होतात. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) ताऱ्यांचे लेबल पाहून दोन बरोबरीच्या संचांत निवड करता येते, पण केवळ ताऱ्यासाठी पाच हजार जास्त देऊ नयेत.

मग त्या ४५ हजारांचे काय करायचे? माझा हिशेब असा आहे की सणाच्या सवलतीत ३५ ते ३८ हजारांचा, करड्या रंगाच्या परीक्षेत पास झालेला ५५ इंची संच घ्यावा, पाच हजारांचा साउंडबार घ्यावा आणि उरलेल्या पैशांत केबल, सर्ज प्रोटेक्टर आणि भिंतीचे काम बसवावे. त्याच पैशांत ६५ इंची संच मिळतो हे खरे. पण त्या किमतीत मिळणारा ६५ इंची पडदा बहुधा मंद उजेडाचा असतो आणि आवाजासाठी हातात काहीच उरत नाही.

घरी आल्यावर

खोके दारात आले की त्याचे चारही कोपरे पाहावेत, दबलेले असतील तर माल घेण्याआधी फोटो काढावेत, आणि उघडताना सलग व्हिडिओ घ्यावा. अनेक कंपन्यांची अट असते की खोके त्यांच्या माणसानेच उघडावे. ती आधी वाचावी. टीव्ही नेहमी उभाच ठेवावा, आडवा झोपवला की पडद्यावर ताण येतो. ६५ इंची संचाचे खोके जुन्या इमारतीच्या जिन्याच्या वळणावर अडते, म्हणून त्याची मापे आधी मागवून जिना आणि लिफ्ट मोजून ठेवावी.

भिंत विटांची की सिपोरेक्स ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची), हे बसवणाऱ्याला आधीच सांगावे, कारण सिपोरेक्समध्ये साधा फिशर (स्क्रूसाठी भिंतीत घालायची प्लास्टिकची खुंटी) सैल होतो आणि तिथे लांब, वेगळ्या जातीचे अँकर लागतात. जिप्सम पार्टिशनवर मात्र आत लाकडी किंवा लोखंडी आधार असल्याशिवाय टांगूच नये, स्टॅण्डवर ठेवावा. आपल्याकडे पावसाच्या सुरुवातीला वीज पडून टीव्ही जाण्याचे प्रकार होतात, आणि पुष्कळदा वीज येते ती विजेच्या तारेतून नव्हे, छतावरच्या डिशच्या केबलमधून. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि ती केबल दोन्ही काढून ठेवावीत.

बदलून देण्याची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांचीच असते, म्हणून त्या दिवसांत सगळे पोर्ट, वायफाय, रिमोटचा माइक आणि करडा पडदा तपासून घ्यावा. दोष निघाला तर फोनवर बोलून न थांबता लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी त्याला शुल्कही लागत नाही.

चित्राची पद्धत घरीही व्हिविडवरून काढावी. मोशन स्मूदिंगसारखी (हालचाल गुळगुळीत करण्यासाठी मध्ये कृत्रिम चित्रे भरणारी) सोय बंद करावी, नाही तर चित्रपटही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. क्रिकेटसाठी ती थोडी ठेवली तर चालते. भिंतीवर टांगलेल्या संचाचे दोन पाय आणि त्यांचे स्क्रू एका पिशवीत घालून, पिशवीवर नाव लिहून माळ्यावर ठेवावेत. भाड्याचे घर बदलताना नव्या मालकाने भिंतीला भोके पाडू दिली नाहीत, तर तेच पाय शोधत सगळे घर पालथे घालावे लागते.